पुस्तकाचा चेहरा कोणी काढावा?
(टोल्कीन यांची पायपीट आणि ‘द हॉबिट’चे मुखपृष्ठ)



ग्रंथालयाच्या तासाला तुम्ही कपाटातून पुस्तक काढता, तेव्हा सर्वांत आधी काय बघता? लेखकाचे नाव क्वचितच. बहुतेक जण मुखपृष्ठ बघतात आणि तेवढ्यावरच पुस्तक घरी न्यायचे की परत ठेवायचे, हे ठरवतात. म्हणजे लेखकाने दोन-चार वर्षे खपून लिहिलेल्या पुस्तकाचे भवितव्य एका चित्रावर अवलंबून असते. मग ते चित्र कोणी काढावे? लेखकाने, चित्रकाराने की प्रकाशकाने? आणि ज्याने काढावे, त्याला आधी काय माहीत असायला हवे?

या प्रश्नाचा अभ्यास आपण एका इंग्रज कादंबरीकाराच्या अनुभवावरून करू. यंदाच्या शालेय वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ ठरवायची वेळ जवळ आली आहे. त्यामुळे हा पाठ आपल्या कामाचाही आहे.

लेखकाची ओळख

जे. आर. आर. टोल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले आणि बारा वर्षांचे असताना, १९०४ मध्ये, आईही गेली. लहानपणी आईनेच त्यांना घरी शिकवले. लॅटिन भाषा, झाडाझुडपांची ओळख आणि चित्रकला हे तिघेही त्यांच्याकडे आईकडून आले. पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मुलाला झाडाचे पान हातात देऊन ‘हे नीट बघ आणि काढ’ म्हणणाऱ्या आईला हा मुलगा पुढे कोण होणार, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पुढे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक झाले. उन्हाळ्यात शालेय परीक्षेचे पेपर तपासण्याचे कामही ते करत. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेतील एक पान कोरे सोडले होते. त्या कोऱ्या पानावर टोल्कीन यांनी सहज एक वाक्य लिहिले आणि त्या वाक्यातून ‘द हॉबिट’ ही कथा जन्माला आली. (परीक्षेत पान कोरे सोडायला हे निमित्त म्हणून कोणी सांगू नये!)

बिल्बो बॅगिन्स नावाचा, घरात आरामात राहणारा, वेळेवर जेवण आवडणारा एक बुटका गृहस्थ. गँडाल्फ हा जादूगार आणि तेरा खुजे त्याला घराबाहेर काढतात आणि दूरच्या डोंगरात ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला घेऊन जातात. पुस्तकाच्या नावाचा दुसरा भाग ‘तिथे जाऊन परत’ अशा अर्थाचा आहे. थोडक्यात, ही एका प्रवासाची गोष्ट आहे.

एकोणिसाव्या वर्षीची पायपीट

प्रवासाची गोष्ट लिहिणाऱ्या या लेखकाने स्वतः किती प्रवास केला होता? फार नाही. पण १९११ च्या उन्हाळ्यात, शाळा संपवून ऑक्सफर्डला जाण्याआधी, एकोणीस वर्षांचे टोल्कीन स्वित्झर्लंडला गेले. बरोबर धाकटा भाऊ होता, मावशी होती आणि ओळखीचे एक कुटुंब होते. सारे मिळून सुमारे बारा जण. प्रवास बहुतेक पायीच. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनची दरी, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड, मायरिंगेन, ग्रिम्सेल खिंड, पुढे ब्रिग, आलेच हिमनदी आणि अखेरीस झेरमाट. पाठीवर ओझे, हातात नकाशा, रात्री मिळेल तिथे, कधी गवताच्या माळ्यावर तर कधी गोठ्यात मुक्काम. स्वयंपाकही पुष्कळदा उघड्यावरच.

आलेच ही आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी. तिथे एके दिवशी मंडळी एका अरुंद वाटेवरून ओळीने चालली होती. एका हाताला बर्फाचा उतार, दुसऱ्या हाताला खोल घळ. उन्हाने वरचे बर्फ वितळू लागले आणि त्यात अडकलेले धोंडे सुटून खाली येऊ लागले. काही संत्र्याएवढे, काही फुटबॉलपेक्षा मोठे. टोल्कीन यांच्या पुढे एक प्रौढ शिक्षिका चालत होत्या. त्या अचानक ओरडून पुढे झेपावल्या आणि दोघांच्या मधल्या जागेतून एक मोठा धोंडा सणसणत खाली गेला. तो टोल्कीन यांच्या गुडघ्यांपासून फार तर फूटभर अंतरावरून गेला असेल. हा प्रसंग पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांनी आपल्या मुलाला पत्रात बारकाव्यांसह लिहून कळवला.

आता ‘द हॉबिट’ उघडा. बिल्बो आणि त्याचे सोबती धुक्याचे पर्वत ओलांडतात, निसटत्या दगडांच्या उतारावरून घसरत खाली पाइनच्या रानात येतात. हा भाग १९११ च्या आपल्या प्रवासावर आधारलेला आहे, असे टोल्कीन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. युंगफ्राऊ आणि सिल्बरहॉर्न ही हिमशिखरे मागे टाकून निघताना त्यांना वाईट वाटले होते. तेच सिल्बरहॉर्न पुढे त्यांच्या कथाविश्वातले एक शिखर बनले. ‘द हॉबिट’साठी त्यांनी रिव्हेंडेल या दरीचे जलरंगातील चित्र काढले. ते पाहून लाउटरब्रुनेनच्या उभ्या कड्यांची आठवण अनेक अभ्यासकांना होते.

काळाचे गणित करून बघा. प्रवास १९११ चा, कथालेखन १९३० च्या आसपासचे, पुस्तक १९३७ चे. मध्ये पहिले महायुद्ध होऊन गेले, नोकरी, संसार, आजारपणे झाली. तरी ती वाट, ते दगड, ते कडे जसेच्या तसे मनात राहिले. मन लावून केलेला एकच प्रवास जन्मभर पुरला.

एक पोस्टकार्ड आणि त्यातून मिळणारा धडा

टोल्कीन यांच्या संग्रहात एक चित्र-पोस्टकार्ड होते. योसेफ माडलेनर या जर्मन चित्रकाराचे. पांढरी दाढी, लांब झगा, मोठी टोपी घातलेला एक म्हातारा डोंगरात खडकावर बसला आहे आणि हरणाचे पिल्लू त्याच्या हाताला तोंड लावते आहे. कार्ड ज्या कागदात ठेवले होते, त्यावर टोल्कीन यांनी ‘गँडाल्फचा उगम’ अशा अर्थाची नोंद केली होती. १९७७ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात हे कार्ड स्वित्झर्लंडच्या प्रवासात घेतलेले असल्याचे आले. सर्वांना ते पटलेही. नंतर अभ्यासकांनी चित्रकाराच्या मुलीकडे चौकशी केली, तेव्हा कळले की मूळ चित्रच १९२५ नंतरचे आहे. मग ते १९११ साली विकत कसे मिळेल?

मुलांनो, प्रकल्प लिहिताना हे ध्यानात ठेवा. गोष्ट सुंदर जुळते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. साल ताडून पाहावे लागते.

चार रंग आणि खर्चाची अडचण

‘द हॉबिट’ लंडनच्या ‘जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविन’ या संस्थेने २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध केले. हस्तलिखित छापण्यायोग्य आहे का, हे प्रकाशकांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला देऊन विचारले होते. त्या मुलाने एक शिलिंग घेऊन लेखी अभिप्राय दिला आणि पुस्तक मंजूर झाले. तेव्हा लहानांचे मत कमी लेखू नये.

पहिल्या आवृत्तीत टोल्कीन यांनी स्वतः काढलेली दहा काळी-पांढरी चित्रे आणि दोन नकाशे होते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायच्या वेष्टनाचे चित्रही त्यांनीच काढले. ते समजून घेण्यासारखे आहे. पुढची बाजू, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग देखावा. दोन्हीकडे उंच झाडांचे दाट रान, मधून सरळ जाणारी वाट, मागे टोकदार हिमशिखरांची रांग. आकाशात एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्रकोर. शिवाय ड्रॅगन आणि गरुडही आहेत. पुस्तक न उघडताच कळते की ही डोंगरापलीकडे जाणाऱ्या वाटेची कथा आहे. सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात का? कथेतील डोंगराचे गुप्त दार केव्हा उघडते, त्याची ती खूण आहे. कथा वाचलेल्यालाच ती कळते.

एप्रिल १९३७ मध्ये हा आराखडा प्रकाशकांकडे पाठवताना टोल्कीन यांनी काय लिहिले, ते बघण्यासारखे आहे. चित्र फार छान झाले आहे, असे त्यांनी म्हटले नाही. हे काम आपल्या कौशल्यापलीकडचे आहे असे सांगून त्यांनी स्वतःच आक्षेप मोजले. निळा, हिरवा, लाल, काळा असे रंग फार झाले. लालऐवजी पांढरा चालेल. सूर्य काढून टाकावा किंवा त्याला नुसती कड द्यावी. डोंगर आणि झाडे सोपी करावी.

रंगांची एवढी चिंता कशाला? छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करावा लागे आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागे. एक रंग वाढला की खर्च वाढला. अखेर लाल रंग गेला. निळा, हिरवा आणि काळा एवढ्यात काम भागले आणि कागदाचा पांढरा रंग बर्फासाठी फुकट मिळाला! टोल्कीन यांच्या मूळ चित्रात सूर्य आणि ड्रॅगन लाल होते. छापील वेष्टनावर ते तसे राहिले नाहीत. तरीही हे मुखपृष्ठ आज जगातील नावाजलेल्या मुखपृष्ठांमध्ये गणले जाते. मर्यादा आली म्हणजे काम बिघडतेच, असे नाही.

अक्षरांची चौकट आणि एक जास्तीचे अक्षर

वेष्टनाच्या कडेने चौकटीसारखी एक नक्षी फिरते. ती नक्षी म्हणजे ‘रून’ या जुन्या लिपीतील अक्षरे आहेत. भाषा मात्र इंग्रजीच. ती लावून वाचली की पुस्तकाचे नाव लागते. पुढे हा बिल्बोच्या वर्षभराच्या प्रवासाचा वृत्तान्त असून टोल्कीन यांनी तो त्याच्या आठवणींवरून संकलित केला आहे, असे लिहिलेले दिसते. शेवटी प्रकाशकांचे नाव. लेखक जणू म्हणतो की मी नुसता संपादक आहे, खरा लेखक बिल्बो! सजावट आणि मजकूर एकच झाले.

आपल्याकडेही अशी एक लिपी आहे. होळकर दरबाराचे मराठी कागद मोडीत लिहिले जात. इंदूरच्या मराठी मुलांना मोडीतील आपले नावही वाचता येऊ नये, हे काही बरे नाही.

याच वेष्टनाच्या आतल्या घडीवर एक छपाईची चूक राहिली. लुइस कॅरल यांचे खरे आडनाव डॉजसन. त्यात इंग्रजीत एक ‘ई’ जास्त छापला गेला. मग पहिल्या आवृत्तीच्या प्रतींवर तो ‘ई’ हाताने शाई लावून खोडण्यात आला. ती आवृत्ती १५०० प्रतींची होती. एका अक्षरासाठी किती हात लागले असतील, याची कल्पना करा. मुद्रितशोधनाला कंटाळणाऱ्या आपल्या संपादक मंडळाने ही गोष्ट फळ्यावर लिहून ठेवावी.

सिंह, एमू आणि गुलाबी फळे

आता दुसरी बाजू. १९६५ मध्ये अमेरिकेत एका प्रकाशनाने टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची स्वस्त आवृत्ती लेखकाच्या परवानगीशिवाय बाजारात आणली. तिला उत्तर म्हणून ‘बॅलंटाइन’ या संस्थेला अधिकृत स्वस्त आवृत्त्या तातडीने काढाव्या लागल्या. त्यात ‘द हॉबिट’ही होते. मुखपृष्ठ बार्बरा रेमिंग्टन या चित्रकर्तीला दिले.

टोल्कीन यांच्या हाती प्रत आली आणि ते चकित झाले. चित्रात एक सिंह होता, शहामृगासारखे एमू पक्षी होते आणि गुलाबी फळे लटकलेले एक विचित्र झाड होते. कथेत यातले काहीच नाही. त्यांनी विचारले की या चित्राचा कथेशी संबंध काय, ही जागा कोणती, सिंह आणि एमू कशासाठी? प्रकाशनाकडून दूरध्वनीवर उत्तर मिळाले की चित्रकाराला पुस्तक वाचायला वेळच नव्हता. ते झाड म्हणे ख्रिसमसच्या झाडासारखे वाटावे म्हणून होते. पुढच्या छपाईत सिंह काढून टाकला गेला.

इथे चित्रकर्तीवर सगळा दोष टाकणे बरोबर होणार नाही. रेमिंग्टन यांनी नंतर सांगितले की त्यांना वेळेत पुस्तके मिळालीच नाहीत. मित्रांनी सांगितलेल्या तुटक माहितीवरून चित्र काढावे लागले. आधी वाचले असते तर अगदी वेगळे चित्र काढले असते, असेही त्या म्हणाल्या. त्यांचा हात चांगलाच होता. त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन भागांसाठी केलेली सलग चित्रमालिका त्या काळी भित्तिचित्र म्हणून खूप लोकप्रिय झाली. कमी पडली ती कला नव्हे, वाचायला मिळायला हवा होता तो वेळ.

टोल्कीन यांनीही रागाच्या भरात न्याय सोडला नाही. मुखपृष्ठ त्यांना कुरूप वाटले. पण ग्राहकाला आकर्षित करणे हे स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठाचे मुख्य काम आहे आणि अमेरिकेत काय आवडते ते तिथल्या प्रकाशकाला जास्त कळत असेल, हे त्यांनी मान्य केले. आवडीनिवडीवर वाद नको, पण चित्राचा कथेशी संबंध तर हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मग उत्तर काय?

लेखकानेच मुखपृष्ठ काढावे, असा नियम करता येणार नाही. टोल्कीन यांना माणसांच्या आकृती नीट जमत नसत, हे ते स्वतः कबूल करीत. गरुडाचे चित्र काढताना त्यांनी पक्ष्यांवरच्या पुस्तकातील सोनेरी गरुडाचे चित्र समोर ठेवले होते. सगळ्याच लेखकांना एवढेही येत नाही. मराठीत दीनानाथ दलाल यांच्यासारख्या, गोव्यात जन्मलेल्या चित्रकाराने दुसऱ्यांच्या असंख्य पुस्तकांना चेहरा दिला आणि वाचकांनी तो मनापासून स्वीकारला. चित्रकाराचे स्थान मोठेच आहे.

मात्र तीन गोष्टी या अनुभवावरून नक्की सांगता येतात. जो मुखपृष्ठ काढील, त्याने मजकूर आधी वाचलेला असावा. छपाईचा खर्च आणि रंगांची मर्यादा सुरुवातीलाच माहीत असावी. आणि चित्रातील प्रत्येक वस्तू ‘ही इथे का?’ या प्रश्नाला उत्तर देणारी असावी.

आता आपल्याकडे वळू. हल्ली पुष्कळ शाळांच्या अंकांवर संगणकावरून उतरवलेले तयार चित्र असते. परदेशी फुले, परदेशी मुले, चकचकीत चार रंग. आतमध्ये मात्र राजवाडा, सराफा, आजीची पुरणपोळी आणि नर्मदेची सहल. हे आपले सिंह आणि एमूच म्हणायचे. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण मराठी शाळा चालवतो, ती आपला चेहरा जपावा म्हणूनच. मग अंकाचा चेहरा उसना का असावा?

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे. यंदाच्या अंकाचे मुखपृष्ठ विद्यार्थ्याने काढलेले असावे आणि ते दोनच रंगांत छापावे. वाचलेल्या खर्चातून आतली पाने वाढवता येतील, म्हणजे परत जाणारे लेख कमी होतील. भाग घेणाऱ्या मुलांना अंकाचा सर्व मजकूर वाचण्यासाठी पूर्ण पंधरा दिवस मिळावेत. घाईचे चित्र आपल्याला नको आहे.

पालकांना दोन विनंत्या. पहिली, चित्रकलेची वही रद्दीत घालू नका आणि चित्रकलेचा तास शिकवणीसाठी बुडवू नका. दुसरी, प्रवासाबद्दल. सुट्टीत आपण धुळे, नाशिक, पुण्याकडे जातो. मानपूरचा घाट उतरतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो, सेंधव्यापुढे बिजासनच्या घाटात सातपुडा भेटतो. त्या वेळी मुले मोबाइलमध्ये असतात किंवा झोपलेली असतात. त्यांना खिडकीशी बसवा. एखादा डोंगर, एखादे वळण वीस वर्षांनी कोणाच्या तरी पुस्तकात उतरेल. नाही उतरले, तरी आपण कुठून कुठे आलो, एवढे तरी त्याला ठाऊक राहील.

स्वाध्याय

१. टोल्कीन यांच्या मुखपृष्ठावर सूर्य आणि चंद्र एकत्र का आहेत?
२. पोस्टकार्डाच्या गोष्टीतील चूक अभ्यासकांनी कशी शोधली? अशी पडताळणी तुम्ही कोणत्या गोष्टीची कराल?
३. ‘चित्रकाराला पुस्तक वाचायला वेळ नव्हता.’ यात जबाबदारी कोणाची? चित्रकाराची, प्रकाशकाची की परिस्थितीची? दहा ओळींत लिहा.
४. तुमच्या आवडत्या मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ कथेशी जुळते का, ते तपासा. न जुळणारी एक वस्तू शोधा.

उपक्रम : तुम्ही स्वतः केलेल्या एका प्रवासावर एक पान लिहा. मग फक्त दोन रंग वापरून त्याचे मुखपृष्ठ काढा. कडेने मोडी लिपीत आपले नाव घाला. मोडी मुळाक्षरांचा तक्ता ग्रंथालयाच्या दारावर लावला आहे. चित्र वर्गशिक्षकांकडे देताना त्यातील प्रत्येक वस्तू तिथे का आहे, हे तोंडी सांगता आले पाहिजे.

— प्राचार्य